गप्प बसण्याचा विमा

बोरगावहून सापुताऱ्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात अधूनमधून एखादी वेगळीच गाडी दिसते. जुनी ट्रॅव्हलर, क्वचित जिवापाड जपलेली मॅटाडोर. टपावर सोलर पॅनेल, काचांना पडदे, आत पलंग आणि छोटं सिंक. हतगड बघायचा, भिवतासचा धबधबा बघायचा आणि रात्री सुरगाण्याच्या एखाद्या माळावर गाडीतच झोपायचं. अशा गाडीच्या मालकाला गॅरेजवाला, एजंट आणि मित्र मिळून एकच सल्ला देतात: ‘आत काय केलंय ते सांगूच नका. थर्ड पार्टी काढा, पोलिसाला दाखवायला कागद झाला. फुल इन्शुरन्स कशाला? बदल केलेल्या गाडीला कंपनी रुपया देत नसते.’

हे मत मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला किंमत राहत नाही, म्हणून आधी त्याचा जोर बघू.

तो जोर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं: विनापरवाना बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मग कोण कशाला तोंड उघडेल? भीती पोकळ नाही, हे मी मान्य करतो.

पण या भीतीतून दोन निष्कर्ष काढले जातात आणि ते दोन्ही टिकत नाहीत. पहिला असा, की राहण्याजोगी गाडी कायद्याला ठाऊकच नाही. केंद्राच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांचे प्रकार दिलेले आहेत. तिथे कॅम्पर व्हॅन दोनदा येते: व्यवसायाची असेल तर परिवहन वाहनांत, खाजगी वापराची असेल तर बिगर-परिवहन वाहनांत. ‘वाहन’ पोर्टलवरही हे दोन्ही वर्ग आहेत. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आधीच वेगळ्या वर्गात पासिंग झालेली गाडी या वर्गात नेणं सोपं आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. तो अडथळा खराच आहे, मात्र तो आरटीओच्या दारात आहे. त्याचं खापर विमा कंपनीवर फोडण्यात अर्थ नाही. शिवाय आत केलेलं सगळंच काम कलम ५२ खाली येत नाही. आहे त्या सीटवर अंथरायची फळी आरसीवर कुठेच नसते. सीट उचकटून काढल्या की आसनसंख्या बदलते, आणि ती आरसीवर छापलेली असते.

दुसरा निष्कर्ष जास्त घातक आहे: बदल असला की सगळा क्लेम बुडतो. इथे न्यायालयांनी सांगितलेलं लोकांपर्यंत पोचलेलंच नाही. २००८ च्या नितीन खंडेलवाल खटल्यात खाजगी म्हणून विमा उतरवलेली गाडी टॅक्सी म्हणून चालवली जात होती आणि ती चोरीला गेली. अटीचा भंग झाला हे धरूनही सर्वोच्च न्यायालय म्हणालं की चोरीशी त्या भंगाचा संबंध नाही, क्लेम सरसकट नाकारता येणार नाही. ७५ टक्के रक्कम कायम झाली. २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणातही हाच धागा पुढे गेला. उलट, २०१४ च्या नरिंदर सिंग प्रकरणात गाडीची नोंदणीच वैध नव्हती, तेव्हा मात्र कंपनीचा पूर्ण नकार कायम राहिला. भंगाभंगात फरक आहे. नुकसानीचं कारण आणि भंग यांचा सांधा न्यायालय तपासतं. तेव्हा आतल्या पलंगामुळे गाडी घाटात घसरली, हे दाखवायचं ओझं कंपनीने उचलायला हवं. घरगुती गॅस सिलिंडर आत बांधला असेल आणि त्यानेच आग लागली, तर ते ओझं फार हलकं होतं, हेही ध्यानात ठेवावं.

आता गप्प बसण्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. ‘थर्ड पार्टी तर काही झालं तरी मिळते ना?’ असं म्हणणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचं कलम १५० (पूर्वीचं १४९) एकदा वाचावं. अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं, तर कंपनी कोणत्या मुद्द्यांवर अंग काढून घेऊ शकते, याची यादी त्यात आहे. लायसन्स नसणं आहे, परमिटशिवाय भाड्याने चालवणं आहे, शर्यत आहे. गाडीत केलेला बदल असा वेगळा मुद्दा त्यात नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेतली, हा मुद्दा आहे. म्हणजे बदलाने जे दार उघडत नाही, ते लपवण्याने उघडतं! थर्ड पार्टीपुरता सुरक्षित म्हणून दिलेला सल्ला थर्ड पार्टीलाच सुरुंग लावतो. वणीच्या घाटात कुणी जखमी झालं आणि कंपनीने आधी भरपाई देऊन मागाहून ती मालकाकडून वसूल केली, तर हप्त्यात वाचवलेले चार पैसे कुठल्या कुठे जातील.

आणि लपतं तरी किती? फुल पॉलिसीत खंड पडला की कंपनी गाडी बघायला माणूस पाठवते. तो बॉनेट उघडून चेसिस नंबरावर कागद धरतो, शिसपेन्सिल घासून आकडे उतरवून घेतो, मग मागचं दार उघडून सीट मोजतो. आरसीवर तेरा, आत चार. त्याला आणखी काही विचारायची गरज पडत नाही.

‘जुन्या गाडीला किंमतच धरत नाहीत,’ अशी एक उपशंका असते. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये आयडीव्हीची, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीची, घसारासारणी पाच वर्षांवर थांबते: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे, आणि बनायची बंद झालेल्या मॉडेलना, किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असं टॅरिफच सांगतं. मॅटाडोर या दोन्ही निकषांत बसते. इंग्लंडातले हौशी लोक जुन्या गाडीची ठरवून घेतलेली किंमत पॉलिसीवर लिहून घेतात, तिचं बीज आपल्याकडे या ओळीत आहे. ते वापरायला बिलं, फोटो आणि थोडी चिकाटी लागते, इतकंच. फ्रिज, बॅटरी, सोलर यांसाठी आयएमटी २४ हे वेगळं कलम आहे. जुन्या दराने किमतीच्या ४ टक्के हप्ता, म्हणजे ५०,००० च्या सामानाला २,००० रुपये. २००७ पासून दर खुले झाले आहेत, त्यामुळे आज आकडा कमीजास्त निघेल.

‘क्लासिक’ हा शब्द मात्र इथे कामाचा नाही. टॅरिफमधली २५ टक्के सूट १९४० पर्यंत बनलेल्या प्रमाणित व्हिंटेज मोटारींना होती. जुलै २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ राखलेली गाडी. तिची नोंदणी २०,००० रुपयांची, आणि रोजच्या वापराला मनाई. टपाला खिडकी कापून पलंग टाकलेल्या मॅटाडोरला तिथे जागा नाही, आणि मुक्कामाला निघणाऱ्याला तशी नंबरप्लेट हवीच कशाला?

पूर्वपक्षाला एक गोष्ट मी मोकळेपणाने देतो. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या दुरुस्तीत पत्र्यावर आणि लाकडावर निम्मा घसारा कापला जातो; लाकडी भाग टॅरिफमध्ये नाव घेऊन आले आहेत. गाडी ओढून नेण्याचा खर्च खाजगी मोटारीच्या ठरावीक पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो, आणि सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर. जादा टोइंगचं कलम घेतलं नसेल तर तेवढ्यात क्रेनवाला वणीपर्यंतसुद्धा यायचा नाही. म्हणून ज्याची मॅटाडोर दीड लाखाची आणि आतलं काम चाळीस हजारांचं आहे, त्याने थर्ड पार्टीवर थांबावं, असं मीही म्हणेन. फक्त प्रपोजल फॉर्मवर बदलांच्या रकान्यात ‘पलंग, सिंक, सोलर; सीट काढल्या’ असं लिहून, आणि त्या फॉर्मची शिक्का मारलेली प्रत आपल्याजवळ ठेवून.