'प्रकरण' आणि 'घटना' : फ्रान्समधील गर्भपातविषयक दोन इतिहासपट

१

कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या कृतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. अशी कृती निर्वेधपणे पार पडली, तर ती मागे कागद ठेवत नाही. ती फसली, त्यात कोणी दगावले किंवा कोणी चुगली केली, तरच ती दप्तरात येते. परिणामी तिचा जो पुरावा उरतो तो प्रामुख्याने पोलीस, न्यायालय आणि रुग्णालय या संस्थांनी आपापल्या भाषेत नोंदवलेला असतो. फ्रान्समध्ये १९७५ पूर्वी झालेल्या गर्भपातांचा इतिहास हे या अडचणीचे ठळक उदाहरण होय. ज्या असंख्य स्त्रिया या अनुभवातून गेल्या, त्यांचे निवेदन दप्तरात क्वचितच सापडते. सापडते ते आरोपीचे बयान. 'कोण बोलते आहे आणि कोणापुढे' हा कथनमीमांसेतील प्रश्न येथे केवळ तांत्रिक राहत नाही. तो इतिहासलेखनाचाच प्रश्न होतो.

ही पोकळी भरण्याचे काम काही प्रमाणात साहित्याने आणि चित्रपटाने आपल्याकडे घेतले. त्या दृष्टीने क्लोद शाब्रोल यांचा 'ऊन अफेर द फाम' (१९८८) आणि ओद्रे दिवान यांचा 'लेव्हेनमां' (२०२१) हे दोन इतिहासपट एकत्र ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिल्याचा काळ दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा, दुसऱ्याचा १९६३ चा. दोहोंच्या मागे पुस्तक आहे : पहिल्यामागे फ्रान्सिस स्पिनेर या वकिलाचे १९८६ मधील पुस्तक, दुसऱ्यामागे आनी एर्नो यांचे २००० मधील आत्मकथन. शीर्षकांतच दृष्टिभेद स्पष्ट होतो. एक 'प्रकरण' सांगतो, दुसरा 'घटना'. प्रकरण संस्थेपुढे उभे राहते; घटना व्यक्तीवर येऊन आदळते.

२

फ्रान्समधील कायद्याचा इतिहास हा एका अर्थाने श्रोता बदलण्याचा इतिहास आहे. १८१० च्या दंडसंहितेतील ३१७ व्या कलमाने गर्भपात हा गंभीर गुन्हा ठरवला. त्यामुळे त्याचे खटले ज्यूरीपुढे चालत. पहिल्या महायुद्धातील प्रचंड मनुष्यहानीनंतर लोकसंख्यावाढ हे राष्ट्रीय उद्दिष्ट झाले. १९२० च्या कायद्याने गर्भपाताचा आणि संततिनियमनाचा प्रचार दंडनीय केला. १९२३ च्या कायद्याने मात्र गर्भपाताला गंभीर गुन्ह्याच्या वर्गातून काढून कनिष्ठ वर्गात घातले. वरकरणी ही सौम्यता वाटते. वस्तुतः हेतू उलट होता. ज्यूरीतील सामान्य नागरिक आरोपी स्त्रियांना वारंवार निर्दोष सोडत होते. शिक्षेची खात्री व्हावी म्हणून खटले ज्यूरीकडून काढून व्यावसायिक न्यायाधीशांकडे देण्यात आले. स्त्रीची कहाणी ऐकून विरघळण्याची शक्यता असलेला श्रोताच व्यवस्थेने न्यायालयातून हलवला, असे म्हणता येईल.

व्हिशी राजवटीने १५ फेब्रुवारी १९४२ च्या कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. वारंवार किंवा पैशासाठी गर्भपात करून देणाऱ्यांना विशेष 'राज्य न्यायाधिकरणा'पुढे उभे करता येऊ लागले आणि त्याला देहदंडापर्यंत शिक्षा देण्याचा अधिकार मिळाला. शेर्बुर्ग येथे धुण्याची कामे करणाऱ्या मारी-लुईज जिरो या स्त्रीवर २७ गर्भपात केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पेतां यांनी दयेचा अर्ज फेटाळला आणि ३० जुलै १९४३ रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली तिचा शिरच्छेद झाला. आता आरोपीपुढे बसलेला श्रोता म्हणजे साक्षात राज्यसंस्था होती. युद्धोत्तर काळात हा कायदा गेला, पण ३१७ वे कलम राहिले. एर्नो यांच्या पिढीने तारुण्य काढले ते याच कलमाच्या छायेत.

३

शाब्रोल यांच्या चित्रपटात जिरोची मारी लातूर होते. नाव बदलून दिग्दर्शकाने चरित्रपटाच्या बंधनातून सुटका करून घेतली, पण प्रकरणाचा सांगाडा कायम ठेवला. इझाबेल ह्युपेर यांनी उभी केलेली मारी सहानुभूतीची याचना करत नाही. शेजारणीला तिने केलेली पहिली मदत साबणाच्या पाण्याची आणि शेजारधर्माची. पुढे मात्र तिला पैसा गोड लागतो. ती वेश्यांना खोली भाड्याने देते, चांगले खाते, गायिका होण्याची स्वप्ने पाहते. तिच्या हातून एक स्त्री दगावते आणि मृताची नातलग दाराशी येऊन उभी राहते, तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची ठराविक रेषा उमटत नाही. फ्रेंच बोलीत अशा स्त्रीला 'देवदूत घडवणारी' म्हणत. त्या शब्दप्रयोगातील उपरोध आणि कणव या दोन्हींपासून चित्रपट सारखेच अंतर राखतो.

ही अलिप्तता हाच चित्रपटाचा युक्तिवाद आहे. निरपराध, सोशिक नायिका दाखवली असती, तर प्रेक्षकाचा निषेध 'चुकीच्या व्यक्तीला शिक्षा झाली' एवढ्यावर थांबला असता. शाब्रोल प्रेक्षकाला अधिक अवघड जागी नेतात : ही स्त्री स्वार्थी आहे, निष्काळजी आहे, आणि तरीही तिचा शिरच्छेद हे राज्यसंस्थेचे घोर कृत्य आहे. मारीची ज्यू मैत्रीण आरंभीच पकडून नेली जाते. ज्या राजवटीने माणसांना मृत्यूकडे पाठवण्यास हातभार लावला, तीच राजवट जन्माच्या पावित्र्याचा कैवार घेते. ही विसंगती चित्रपटात भाषणातून सांगितली जात नाही, दोन प्रसंग शेजारी ठेवून ती दिसते. मारीला पकडून देणारे निनावी पत्र तिचा नवराच वर्तमानपत्रातील शब्द कापून, चिकटवून तयार करतो. चुगलीची भाषासुद्धा उसनी, छापील, सार्वजनिक आहे.

फ्रेंचमधील 'अफेर' या शब्दाला बाब, धंदा आणि खटला अशा छटा आहेत. मराठीतील 'प्रकरण' हा शब्दही खटला, भानगड आणि ग्रंथाचा एक भाग असे तिन्ही अर्थ बाळगतो. बायकांची आपसातील बाब पुरुषांच्या न्यायासनापुढे खटला होते आणि राष्ट्राच्या इतिहासग्रंथातील एक प्रकरण होऊन बसते. चित्रपटाची गती ही अशी आहे. शेवटी मात्र ज्याच्या बालपणी आई मारली गेली त्या मुलाचा, आता प्रौढ झालेला आवाज निवेदनाचा ताबा घेतो. दप्तरातील प्रकरण येथे स्मृतीच्या कक्षेत येते. तरीही एक गोष्ट उरतेच : ज्या स्त्रिया मारीकडे आल्या, त्यांचा आवाज या रचनेतही मागेच राहतो. प्रकरण त्यांचे नव्हतेच.

४

तो आवाज एर्नो यांच्या लेखनात येतो, आणि तोही दोनदा. १९६४ च्या जानेवारीत, रुआं येथे विद्यार्थिनी असताना, त्यांनी बेकायदा गर्भपात करवून घेतला. १९७४ मध्ये 'रिकामी कपाटे' अशा अर्थाच्या शीर्षकाची त्यांची पहिली कादंबरी आली. तिची निवेदक डेनीझ लेस्यूर ही कल्पित नावाची तरुणी अशाच गर्भपाताच्या परिणामाची वाट पाहत आपले बालपण आठवते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिमोन व्हेय यांनी संसदेत गर्भपातविषयक विधेयक मांडले. त्याआधी १९७१ मध्ये ३४३ स्त्रियांनी आपण गर्भपात केल्याचे स्वाक्षरीनिशी जाहीर केले होते आणि १९७२ च्या बोबिन्यी खटल्यात जीझेल आलिमी यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून कायद्यावरच खटला भरला होता. व्हेय यांचा कायदा १७ जानेवारी १९७५ रोजी जारी झाला. प्रथम पाच वर्षांच्या बोलीवर, नंतर कायमचा.

'लेव्हेनमां' हे आत्मकथन त्यानंतर पंचवीस वर्षांनी लिहिले गेले. आता कल्पित नावाची गरज उरली नव्हती. पण मग लिहिण्याची तरी गरज काय उरली होती? एर्नो यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर त्या पुस्तकाचा गाभा आहे. न्याय्य कायदा झाला की, 'ते सारे आता संपले' असे म्हणून पूर्वीच्या पीडितांनाच गप्प केले जाते, हा विरोधाभास त्या नोंदवतात. बंदीच्या काळात बोलणे धोक्याचे असते, बंदी उठल्यावर ते अप्रस्तुत ठरते. दोन्ही वेळा मौनच वाट्याला येते, फक्त त्याचे कारण बदलते. म्हणूनच पुस्तकात जुन्या रोजनिशीतील नोंदी, रस्त्यांची नावे, पैशाची जुळवाजुळव हे सारे साक्षीपुराव्याच्या काटेकोरपणाने येते. लेखिका स्वतःच स्वतःचे दप्तर तयार करते. त्यात वर्गवास्तवही नोंदले जाते : गावातल्या छोट्या दुकानदाराच्या घरातून शिक्षणाच्या बळावर वर आलेल्या मुलीला ही गर्भधारणा पुन्हा मूळ जागी ओढून नेणारी वाटते. शरीर आणि सामाजिक वर्ग यांची गाठ या लेखनाइतकी स्पष्टपणे क्वचितच दाखवली गेली असेल.

५

दिवान यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. पुस्तकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी वगळली : मागे वळून पाहणारी लेखिका. येथे निवेदकाचा आवाज नाही, स्मृतीचा पडदा नाही. आनामारिया व्हार्तोलोमेई यांनी साकारलेल्या अ‍ॅनच्या खांद्याला कॅमेरा चिकटलेला असतो. जवळजवळ चौरस अशी अरुंद चौकट तिच्याभोवती जागाच ठेवत नाही. पडद्यावर उमटत जाणारे आठवड्यांचे आकडे हेच कथानक. काळाची ओळख पटवणारी सजावट बेताची आहे. जुन्या मोटारी आणि कपडे यांच्या मोहात रमणाऱ्या इतिहासपटात प्रेक्षकाला जी सुरक्षित दूरता मिळते, ती येथे नाकारली जाते.

या पद्धतीवर एक आक्षेप घेता येईल. स्मृती आणि लेखन यांचा थर काढून टाकल्यावर घटना केवळ शरीराच्या उत्कंठेपुरती उरते आणि एर्नो यांचे वर्गभान पातळ होते. आक्षेप निराधार नाही. पुस्तकातील विचार करणारा आवाज चित्रपटात नाहीच. तथापि 'ते सारे संपले' या वाक्याला एर्नो यांनी दिलेला नकार दिवान यांनी वेगळ्या साधनाने दिला आहे. पुस्तक भूतकाळाचा पुरावा मांडते. चित्रपट त्याला भूतकाळ होऊ देत नाही. जॉर्ज लुकाच यांनी ऐतिहासिक कादंबरीकडून वर्तमानाचा पूर्वेतिहास दाखवण्याची अपेक्षा केली होती. ही अपेक्षा इतिहास पुढे सरकतो या विश्वासावर उभी आहे. दिवान यांच्या रचनेत तो विश्वास गृहीत धरलेला नाही.

चित्रपटाच्या अखेरीस अ‍ॅनला रक्तस्राव होऊन रुग्णालयात नेले जाते, तेव्हा तिचे पुढचे सारे आयुष्य नोंदवहीतील एका शब्दावर अवलंबून असते. 'गर्भपात' असे लिहिले तर तुरुंग, 'आपोआप झालेला गर्भस्राव' असे लिहिले तर घर. डॉक्टर दुसरा शब्द उच्चारतो आणि ती वाचते. पुढे परीक्षागृहात ती लेखणी उचलते. दप्तराच्या प्रश्नाचे टोक येथे दिसते : कागदावरची खोटी नोंदच स्त्रीला तारते, आणि तीच पुढच्या इतिहासकाराची वाट बंद करते. उद्याचा अभ्यासक त्या वहीत एक वैद्यकीय अपघात वाचेल. खरे काय घडले ते लेखणी हाती आलेल्या मुलीनेच पुढे कधीतरी सांगायचे असते.

६

शाब्रोल यांचा चित्रपट आला त्याच वर्षी फ्रान्समध्ये गर्भपाताच्या गोळीला परवानगी मिळाली, विरोधामुळे कंपनीने ती मागे घेतली आणि सरकारच्या आदेशाने ती पुन्हा उपलब्ध झाली. दिवान यांच्या चित्रपटाच्या दुसऱ्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून मान्य असलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सने हे स्वातंत्र्य आपल्या राज्यघटनेत लिहिले. जे परत घेतले जाऊ शकते तेच असे लिहून ठेवावे लागते.

प्रकरण बंद होते, फाइल कपाटात जाते. घटना मात्र जिच्यावर येऊन आदळली तिच्यापाशी राहते, आणि सांगितली गेली तरच इतिहासात येते. दप्तराने जिला आरोपी म्हणून ऐकले किंवा रुग्ण म्हणून चुकीचे नोंदवले, तिला निवेदक म्हणून पाहण्याची जागा या चित्रपटांनी आणि त्यांमागच्या लेखनाने निर्माण केली. इतिहासलेखनाला ही जागा साहित्याकडून उसनी घ्यावी लागते, ही गोष्ट दोन्ही ज्ञानशाखांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.