ओव्हरक्लॉकिंग
संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम उत्पादकाने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. इंटेलच्या सेलेरॉन ३००ए (१९९८) या स्वस्त प्रोसेसरने घरगुती हौशींना याची गोडी लावली. बसचा (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेला, की तो बहुधा ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झवर चाले. इंटेलचे ‘के’ अक्षराचे आणि एएमडीचे बहुतेक रायझेन प्रोसेसर यासाठी खुले असतात.

वाढलेला वेग टिकवायला बऱ्याचदा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि खरा धोका त्याचाच. वीजवापर वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणून वेग थोडाथोडा वाढवावा, दर पायरीला ताणचाचणी घ्यावी, तापमान पाहावे. पंखा किंवा पाण्याचे नेहमीचे शीतक चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे दोन घरांतील चिपच्या तापमानाची तुलना खोलीचे तापमान नोंदवल्याशिवाय फोल ठरते. इगतपुरी तालुक्यातील घोटीसारख्या मुसळधार पावसाच्या गावी थंडाव्याचा फायदा मिळतो. पण तिथे बर्फाचे किंवा अतिशीत प्रयोग टाळावेत, दमट हवेतले पाणी बोर्डावर साचते. वीज जात असेल तर यूपीएस हवाच. मर्यादित पैशांत मात्र प्रोसेसर ताणण्यापेक्षा वरच्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड बहुतेक खेळांत अधिक उपयोगी पडते.