बाळंतिणीच्या मनाची विचारपूस



घरात बाळंतीण असली की विचारपूस करायला किती जणी येतात! दूध येतंय का, टाके सुकले का, अंग शेकलं का, बाळ रात्री झोपू देतं का. डिंकाचे लाडू येतात, अळिवाची खीर येते, बाळंतविडा येतो. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: बाई, तुझं मन कसं आहे? हा प्रश्न कुणी विचारायला घेतला आणि त्यातून काय कळलं, त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट जुनी आहे, पण तिच्या शेवटच्या भागात आपल्यासारख्याच बाया आहेत. म्हणून ती गटात सांगण्यासारखी आहे.

सुरुवात आपल्या पुणे जिल्ह्यातून करू. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा उरायच्या. जन्मलेलं बाळ संपवायचं, नाहीतर आपला जीव द्यायचा. लोक अशा बाईला पापीण म्हणत आणि कायदा गुन्हेगार म्हणे. फुले दांपत्यानं सांगितलं, इथे या, सुखरूप बाळंत व्हा, तुमचं नाव कुणाला कळणार नाही. अशाच एका आईचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला. तेव्हा मानसशास्त्र हा शब्दही आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हता. पण आईच्या हातून जे घडतं त्याचं कारण तिच्यावर आलेल्या वेळेत शोधायचं, हा विचार तिथे होता.

त्याच सुमाराला, १८५८ साली, पॅरिसमध्ये लुई व्हिक्टर मार्से नावाच्या डॉक्टरांनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. या विषयावरच्या पहिल्या मोठ्या पुस्तकांपैकी ते एक. पण डॉक्टरांना दिसत होत्या त्या रुग्णालयात आणलेल्या, भान हरपलेल्या बायका. घरातली कामं करता करता पदराआड रडणारी बाई कुणाच्याच मोजणीत नव्हती.

आपल्याकडे त्या बाईचं ऐकत होतं ते जातं. पहाटे दळायला बसलं की सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीची काळजी, सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी वर्षानुवर्षं खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायांच्या ओव्याही आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात काय चाललं होतं हे कळायला त्याहून मोठा साठा दुसरा नसेल. गावात पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दोघी समोरासमोर बसून मनातलं बोलायची ती पहाटही गिरणीबरोबर गेली.

मग बाळंतीण गप्प झाली, बाळाकडे बघेना, उगाच रडायला लागली की घरात काय म्हणतात, ते आपल्याला माहीत आहे. बाहेरचं झालं. वारं लागलं. नजर लागली. नाहीतर, हिला आईपणच नको. बारामती-इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवर ही वाक्यं आम्ही अजून ऐकतो. उतारा टाकला जातो, देवऋषी गाठला जातो, आणि बाई मात्र आहे तिथेच राहते.

१९८७ साली स्कॉटलंडमधल्या तिघा संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्हस्की ही त्यांची नावं. त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद तयार केला. गेल्या सात दिवसांत तुला हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिलास का, कारण नसताना भीती वाटली का, मन इतकं खराब होतं का की झोप लागेना, अशा धर्तीचे प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या विचाराचा. पाच मिनिटांत उत्तरं लिहून होतात. एडिंबरो शहराच्या नावानं ओळखली जाणारी ही प्रश्नावली पुढे जगातल्या अनेक भाषांत गेली. ताप मोजायला थर्मामीटर असतो, तसं आता बाळंतिणीच्या मनाचं दुखणं ओळखायला काहीतरी हाताशी आलं.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि डॉ. नंदिता डिसोझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना आपल्या अभ्यासात घेतलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा भेटले, आणि नंतर सहा महिन्यांनी. जरा विचार करा. आपल्याकडे सव्वा महिना संपतो, माहेरची माणसं पाठवणी करतात, बाई पुन्हा चुलीपाशी आणि रानात जाते, जवळजवळ तोच हा काळ. २००२ साली या अभ्यासाचे निकाल छापून आले. पुन्हा भेटलेल्या बायकांपैकी शंभरातल्या २३ जणींना नैराश्याचा आजार होता. त्यांतल्या शंभरी ७८ जणींचं मन गरोदर असतानाच बिघडलेलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

हे का होतं, याचंही उत्तर त्यात होतं. घरची गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही दोन मोठी कारणं निघाली. तिसरी गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटणार नाही: मुलगी झाली की आजाराचा धोका वाढत होता. ज्या बाईला नवरा मारतो, जिच्या पोटाला पुरेसं नाही, तिला मुलगी झाली तर तो भार आणखी जड होत होता. म्हणजे बाळंतिणीच्या मनाला लागतं ते वारं घराच्या आतलंच असतं. पुढच्या वर्षी याच मंडळींनी दाखवून दिलं की आईचं मन आजारी असेल तर सहा महिन्यांचं बाळही वजनाला आणि उंचीला मागे पडतं. अंगणवाडीत आपण बाळाला काट्यावर ठेवतो, तेव्हा त्याच्या आईला दोन शब्द विचारणं बाळाच्याही कामाचं आहे, ते यामुळे.

या गोव्यातल्या आयांशी संशोधक निवांत बसून बोललेसुद्धा. त्या बायकांना आपल्याला काही आजार आहे असं वाटतच नव्हतं. त्या पैशाची ओढाताण सांगत होत्या, नवऱ्याचं वागणं सांगत होत्या. आपल्या बायाही तेच करतात. मन उदास आहे असं कुणी म्हणत नाही. अंग मोडून येतं, डोकं जड आहे, जेवण जात नाही, जिवाला बरं वाटत नाही, असंच म्हणतात.

आता उपचाराचं बघू. एवढ्या बायका आणि मनाचे डॉक्टर मोजके, मग करायचं काय? याचं एक उत्तर पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांतून आलं. डॉ. आतिफ रहमान यांनी तिथल्या आरोग्य सेविकांना शिकवलं. या सेविका म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या, गावातल्याच, शाळा शिकलेल्या बाया. नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी त्या ठरावीक भेटी देत. बाई काय विचार करते ते ऐकून घेत, 'माझ्या नशिबातच हे' या विचाराजागी आज काय करता येईल असं छोटं काम ठरवत, सासूला आणि नवऱ्यालाही सोबत घेत. २००८ साली निकाल आला. बाळ सहा महिन्यांचं होईतो, अशी सोबत मिळालेल्यांपैकी शंभरात २३ जणींना नैराश्य उरलं होतं. ज्या गावांत ही सोबत नव्हती तिथे शंभरात ५३.

गोव्यात पुढचं पाऊल टाकलं गेलं. तिथे पगारी सेविकेऐवजी त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या बायांना तयार केलं. त्यांना म्हणायचे 'सखी'. नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांचा हा अभ्यास २०१९ साली छापून आला. सखी भेटत होती त्यांच्यात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. फरक फार मोठा नव्हता, आणि सखी आली म्हणून गरिबी किंवा मारहाण संपली नाही. तरीही शेजारीण नीट शिकली तर मनाच्या आजारात उपयोगी पडते, एवढं त्यातून दिसलं.

मधल्या काळात कायदाही थोडा पुढे आला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, मूल झालं नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं हा भावनिक छळ धरला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आईला मनाच्या उपचारासाठी दवाखान्यात ठेवावं लागलं तर तिच्या तीन वर्षांखालच्या लेकराला एरवी तिच्यापासून तोडायचं नाही.

या सगळ्यातून आपल्या गटानं काय घ्यायचं? पहिलं, ओळखायला शिकायचं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, झोप-भूक गेली, बाळाविषयी काही वाटेनासं झालं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. बाई असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, बाळाबद्दल भलतंच काही म्हणू लागली, तर उताऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि तोवर तिला व बाळाला एकटं सोडू नका.

दुसरं, विचारायचं. 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का गं?' असं सरळ विचारायला आपण कचरतो. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं बाईचं मन हलकं होतं आणि मदतीची वाट उघडते.

तिसरं, आपल्या बैठकीचा उपयोग करायचा. आपण महिन्याला जमतो, हप्ता भरतो, सह्या करतो, पांगतो. जी बाई बाळंतीण म्हणून बैठकीला येत नाही, तिचा हप्ता दुसरीच कुणी आणून देते आणि तिच्या नावापुढे खूण होते. त्या हप्त्याच्या पावतीबरोबर एखादी सदस्य तिच्या घरी गेली, घटकाभर तिच्यापाशी बसली, बाळाला मांडीवर घेऊन तिला बोलू दिलं, तर काय हरकत आहे? दिवाळीनंतर आपल्या भागातल्या कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोपीतही बाळंतिणी असतात. त्यांचं माहेर लांब असतं आणि सव्वा महिन्याची विश्रांती त्यांना कुठली? त्यांच्याकडेही एक चक्कर मारा.

आणि एक नंबर आपल्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १४४१६. हा सरकारचा टेली मानस नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्या बाईला स्वतः फोन करायचा धीर होत नाही, तिच्या शेजारी बसून तुम्ही लावून द्या.

येत्या बैठकीत आपल्या गटातल्या नव्या बाळंतिणींची नावं काढा आणि कोण कुणाकडे जाणार ते तिथेच ठरवून वहीत लिहा.