सातबाऱ्यावरचं प्रश्नचिन्ह

डिजिटल सहीचा सातबारा कॉम्प्युटरवर उघडला की सहीवर कधी कधी प्रश्नचिन्ह येतं. इथं हिंगोलीत मीही न वाचता 'ट्रस्ट' करून मोकळा व्हायचो.

पण २०१४ आठवा. आपल्या सरकारच्या सीसीएचं रूट सर्टिफिकेट विंडोज विश्वासू मानायचं. २ जुलैला गूगलला कळलं, त्याच साखळीतल्या एनआयसीकडून गूगलच्याच नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघालीत. म्हणजे तलाठ्याच्या शिक्क्यानं भलत्याच्याच नावे फेरफार! दुसऱ्याच दिवशी सीसीएनं एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द केली. फायरफॉक्सच्या यादीत हे रूटच नव्हतं, म्हणून तो वाचला.

विश्वासाची ती यादी आपल्याही कॉम्प्युटरात आहे. एकदा उघडून बघा. अनोळखी नाव दिसलं तर जाणकाराला विचारा. जमीन आपली, तर शिक्का कुणाचा हे आपणच विचारायचं.