सायकलींबरोबर चाललेली एक गाडी



आमच्या धर्मग्रामातली एक मुलगी कार्डिफला नर्स आहे. एके काळी ती माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होती, म्हणून अजूनही मला ‘सर’ म्हणते. गेल्या उन्हाळ्यात सुट्टी काढून तिने अख्खा वेल्स सायकलवरून पार केला आणि रोज रात्री फोटो पाठवले. त्या वाटेचे नाव ‘लोन लास कमरी’. उत्तरेच्या होलीहेड बंदरापासून दक्षिणेच्या कार्डिफपर्यंत सुमारे 400 किलोमीटरची ही वाट 1995 मध्ये खुली झाली. पहिल्या फोटोंत समुद्र, मग स्नोडोनियाचे डोंगर, दगडी कुंपणे, मेंढ्याच मेंढ्या. बार्मथला 1867 सालचा लांबलचक रेल्वेपूल खाडीवरून जातो, त्याच्याच कडेने सायकली जातात. शेवटी टाफ नदीचे खोरे. कोळसा आणि लोखंडाने एके काळी काळवंडलेल्या त्या भागात आता झाडी आहे आणि जुन्या रेल्वेच्या, कालव्याच्या काठाने सायकलची वाट. फाटा आला की निळी पाटी, तिच्यावर 8 हा आकडा. चुकायची सोयच नाही!

शेवटच्या दिवशी तिने लिहिले, “सर, आपल्याकडे असं काही नाही ना?”

पाट्या लावलेली वाट नाही, हे खरे. पण सायकलवरून पार केलेला देश आपल्याकडेही आहे, आणि ती यात्रा काढणारा माणूस नंतर आमच्या मल्हारगंजपासून दीडशे किलोमीटरवर येऊन राहिला होता. तिचा जन्म त्या यात्रेनंतरचा, तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र रविवारी वर्गात मी बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’बद्दल विचारले, तेव्हा कोणालाच काही सांगता आले नाही. कुष्ठरोग्यांचे आनंदवन माहीत, सायकली नाहीत. म्हणून हा लेख.

1984 हे वर्ष कसे होते, हे माझ्या वयाच्या लोकांना घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून आठवते. सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, पंतप्रधानांची हत्या, त्यानंतर शिखांची कत्तल. पंजाबात रोज माणसे मरत होती. देश फुटणार की काय, हा प्रश्न तेव्हा ओट्यावर बसलेले लोकही विचारत. अशा वेळी एका सत्तरीच्या माणसाला वाटले की शंभराहून अधिक तरुण-तरुणींना सायकली देऊन देशाच्या दक्षिण टोकापासून काश्मीरपर्यंत न्यावे. 24 डिसेंबर 1985 रोजी ते कन्याकुमारीहून निघाले. तो साने गुरुजींचा जन्मदिवस. आपल्यासाठी तो नाताळचा आदला दिवस, आणि कन्याकुमारी जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती मोठी. त्या संध्याकाळी घरोघर चांदण्या लागल्या असणार. दोन दिवसांनी बाबांना एकाहत्तर वर्षे पूर्ण झाली.

आता इथे जरा थांबतो, कारण मला या यात्रेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. यात्रा सायकलींची होती आणि बाबांना सायकल चालवता येणे शक्य नव्हते. सायकल राहू द्या, त्यांना बसताही येत नसे. मणक्याच्या आजाराने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते : उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. म्हणून ते गाडीत आडवे होऊन तरुणांबरोबर गेले. गाव आले की उतरायचे, उभ्याने बोलायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. असे पाच हजारांहून अधिक किलोमीटर.

मार्कच्या शुभवर्तमानातला पक्षाघाती मनुष्य आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. चार मित्र त्याला खाटेवरून आणतात, छप्पर उसकटतात, खाली सोडतात. त्या गोष्टीत खाटेवरचा माणूस आणला जातो. इथे खाटेवरचा माणूस बाकीच्यांना घेऊन निघाला होता.

सायकलच का? बसने गेले असते तर आठवड्याभरात पोचले असते. पण ज्या माणसाला समोरच्याची भीती वाटते, त्याच्या दारावरून बस नुसती निघून जाते. सायकलवाल्याला तहान लागते. त्याचे चाक पंक्चर होते, त्याला कोणाच्या तरी ओसरीवर टेकावे लागते, आणि भाषा येत नसली तरी पाणी मागता येते. शिवाय त्या काळी सायकल हे दूधवाल्याचे, पोस्टमनचे, गिरणीतल्या कामगाराचे वाहन होते. माझे वडीलही मल्हारगंजातून कामाला सायकलवरच जात. जड, काळी, गिअर नसलेली सायकल. चढ लागला की उतरून ढकलायची. सायकलवरून येणारा माणूस पाहुणा वाटत नाही, शेजारच्या गावचा वाटतो.

काश्मीरला जायचे तर पंजाब ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पंजाबात तेव्हा बंदुका बोलत होत्या, अंधार पडला की लोक दारे लावून घेत. त्या प्रदेशातून ही मुले हत्याराशिवाय गेली आणि 1986 मध्ये यात्रा पूर्ण झाली. आज मागे वळून पाहणारे म्हणतील, पंजाब काही त्या सायकलींमुळे शांत झाला नाही. बरोबर आहे, हिंसा पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. तरीही मला हा हिशेब अपुरा वाटतो. आपल्या घरातली मुलगी कोणी सहज त्या रस्त्याला पाठवणार नाही असे ते दिवस होते, आणि त्या शंभरांत मुलीही होत्या.

1988 मध्ये बाबांनी दुसरी यात्रा काढली, या वेळी पूर्वेकडून पश्चिमेला : अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओखा बंदरापर्यंत, सात हजारांहून अधिक किलोमीटर. नकाशा काढून पाहा. डोंगराच्या पायथ्याचे दमट जंगल, मग ब्रह्मपुत्रेचा आसाम, मग उत्तर बंगालची ती अरुंद मान, जिथून देशाला ईशान्येत जाता येते, आणि अखेरीस सौराष्ट्राचा खारा वारा. वेल्सची वाट अठरा वेळा जोडली तरी ही भरून निघणार नाही.

यानंतर बाबा आपल्याकडे आले. 1990 मध्ये आनंदवन सोडून ते आणि साधनाताई नर्मदेच्या काठी, बडवानीजवळच्या कसरावद गावी राहायला आले. धरणात ज्यांची गावे बुडणार होती, त्यांच्यासोबत. दहाएक वर्षे ते तिथे राहिले. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे दूर वाटेल. इंदूरच्या माणसाला तो शेजार आहे.

म्हणून यंदा जानेवारीत वर्गातली चार मोठी मुले आणि मी बडवानीला सायकलने निघालो. मुलांच्या सायकली गिअरच्या, माझी वडिलांच्या जमान्यातली नसली तरी त्याच स्वभावाची. बडा गणपतीवरून पहाटे निघालो. महूपर्यंत गव्हाची हिरवी शेते आणि बोचरी थंडी. मानपूरच्या अलीकडे माझ्या डाव्या गुडघ्याने साथ सोडली. सामानाचा टेम्पो मागे होताच. सायकल वर टाकली आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मुले हसली नाहीत, पण मला फार ओशाळल्यासारखे झाले. ही सहल मीच काढली होती, आठवडाभर भाषणेही मीच दिली होती!

घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड सुरू होते. हवा एकदम ऊबदार होते, कपाशीची शेते दिसू लागतात, बोलीही बदलते. टेम्पोच्या काचेतून पुढच्या चार पाठी दिसत होत्या. एकाची चेन उतरली, तर तिघे न सांगता थांबले. मी त्यांच्याबरोबर पेडल मारत असतो, तर मान खाली घालून स्वतःचा दम मोजत राहिलो असतो; हे दिसले नसते. खलघाटच्या पुलावर त्यांनी नर्मदा पाहिली आणि टेम्पोपर्यंत परत येऊन मला उतरवले, “सर, तुम्हीपण बघा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बडवानीला पोचलो. सरदार सरोवर 2019 च्या सप्टेंबरात प्रथमच 138.68 मीटरपर्यंत भरले, तेव्हा इथला राजघाट पाण्याखाली गेला होता. ज्याच्यासाठी बाबा इथे दहा वर्षे राहिले, ते वाचवता आले नाही. 9 फेब्रुवारी 2008 रोजी ते आनंदवनात वारले. त्यांना अग्नी दिला नाही, तिथल्याच मातीत पुरले. मुलांना काठावर बसवून मी हे सगळे सांगितले. एकाने विचारले, “मग सर, ते हरले का?” मी उत्तर दिले नाही. मला ते सुचलेही नाही. आम्ही बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो आणि मग कोणीतरी शेंगदाणे काढले.

कार्डिफच्या मुलीला घाटाचा, पुलाचा आणि नदीचा फोटो पाठवला. परतीच्या दिवशी अंजडपर्यंत मी सायकल चालवली. पुढे मानपूरचा चढ होता, म्हणून काही न बोलता टेम्पोत जाऊन बसलो. मुलांनी मला पाण्याच्या बाटल्या आणि आपापली जाकिटे सांभाळायला दिली आणि ती चढाला लागली.