कॅप्टन जेकब यांचा ग्रह

सूर्यमालेबाहेर ग्रह आहेत काय, आणि असल्यास त्यांवर वस्ती संभवते काय, हा प्रश्न आजच्या अजस्र दुर्बिणींनींच प्रथम उपस्थित केला, अशी समजूत पुष्कळांची असते. तिला बाध आणणारें एक प्रकरण जुन्या मुंबई इलाख्याच्या इतिहासांत आहे.

विल्यम स्टीफन जेकब हे कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनियर पथकांतले अधिकारी. ते 1831 सालीं मुंबईस आले. कुलाब्याची वेधशाळा त्यापूर्वीं पांच वर्षें स्थापन झाली होती. आमचे केरो लक्ष्मण छत्रे यांनींही पुढें तेथें काम केलें. परंतु बंदरांतील जहाजांस अचूक वेळ कळविणें आणि हवामान व चुंबकत्व यांच्या नोंदी ठेवणें, हा तिचा मुख्य व्यवहार. ताऱ्यांची हौस असेल त्यानें ती पदरमोड करून भागवावी! जेकब यांनीं तसेंच केलें. 1842 सालीं पुण्यास त्यांनीं स्वतःची वेधशाळा उभारली, आणि तेथील वेधांवरून 244 जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. 1848 च्या अखेरीस मद्रास वेधशाळेचें आधिपत्य त्यांजकडे आलें.

भुजंगधारी तारकासमूहांत 70 क्रमांकाचा एक जोडतारा आहे. त्यांतील दोन तारे परस्परांभोवतीं सुमारें 88 वर्षांत एक फेरा करितात. गणितानें काढलेली त्यांची कक्षा आणि प्रत्यक्ष वेध यांचा मेळ बसेना. तेव्हां 1855 सालीं जेकब यांनीं असा तर्क मांडला कीं, एखादा अदृश्य ग्रह आपल्या आकर्षणानें यांतील एका ताऱ्यास हेलकावा देत असावा. तर्क निराधार नव्हता; हर्षलाच्या चालींतील विषमतेवरून वरुण ग्रह सांपडून नऊच वर्षें झालीं होतीं. शिवाय इतर गोलांवर प्राणी आहेत कीं नाहींत, यावर इंग्लंडांत ह्यूएल व ब्रूस्टर या दोन पंडितांचा वाद त्या वेळीं ऐन भरांत होता, आणि त्या वादांत जेकब यांनींही त्याच वर्षीं एक पुस्तिका लिहिली. असें असूनही, ज्या ग्रहाविषयीं त्यांस इतकी उत्सुकता असली पाहिजे, त्याचें अस्तित्व त्यांनीं संभवनीय म्हटलें, सिद्ध म्हटलें नाहीं. हा भेद आम्हांस त्यांच्या तर्काहूनही मोलाचा वाटतो.

कारण तो ग्रह पुढें सांपडला नाहीं. शतकाच्या शेवटीं अमेरिकेंत सी यांनीं तोच दावा अधिक ठासून केला. पण असा तिसरा गोल त्या जोडींत स्थिर राहूंच शकत नाहीं, असें मोल्टन यांनीं 1899 सालीं गणितानें दाखविलें. जो हेलकावा भासला, तो बहुधा मोजणींतील सूक्ष्म चुकांचा होता.

जेकब तोंवर हयात नव्हते. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा बांधण्यासाठीं पार्लमेंटनें 1,000 पौंड मंजूर केले होते. नऊ इंची दुर्बीण घेऊन जेकब 8 ऑगस्ट 1862 रोजीं मुंबईस उतरले, आणि 16 तारखेस पुण्यांत वारले. भुजंगधारी संध्याकाळीं उंच चढतो तो नेमका याच पावसाळी दिवसांत. गिरगांव-लालबागच्या दिव्यांखालीं तर तो जोडतारा आज निरभ्र रात्रींही दिसणें कठीण.

ताऱ्याच्या हेलकाव्यावरून ग्रह ओळखण्याची युक्ति मात्र टिकली. 1995 सालीं मेयर व केलो यांनीं ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटांतून हेलकावा मोजून महाश्वांतील एका सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह उजेडांत आणला. याच रीतीनें 2006 सालीं सांपडलेल्या एका ग्रहास व त्याच्या ताऱ्यास 2019 सालीं भारतीय नांवें मिळालीं. ताऱ्याचें नांव ‘बिभा’, हें 1949 मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आलेल्या बिभा चौधुरी यांच्यावरून. ती संस्था त्या वर्षीं गेटवेजवळच्या यॉट क्लबाच्या इमारतींत राहावयास आली. ग्रहाचें नांव ‘संतमस’, म्हणजे दाट अंधार. त्याचें वर्ष दोन दिवसांहून किंचित् मोठें. ताऱ्याच्या इतक्या निकट पाणी टिकावयाचें नाहीं, मग वस्तीची गोष्टच नको. तें नांव सुचविलें पुण्याच्या एका मुलानें.