आकड्यांचा नकाशा

नजर, नक्षी, नकाशा. हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीचेच झाले. उर्दू-मराठी शिकवताना ते रोज तोंडी असतात. महासंगणकाचा इतिहास वाचतानाही मला तेच आठवतात. यंत्र आकड्यांचे डोंगर देते. त्यांचा नकाशा झाला तरच माणसाची नजर ठरते.

१९८०च्या दशकात भारताला क्रे महासंगणक हवा होता. अमेरिकेने मागितलेले यंत्र दिले नाही. दिले ते कमी ताकदीचे, तेही कडक अटींवर. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एका अवाढव्य प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर समांतर चालवायचे, ही त्यातली युक्ती. मालेगावचे यंत्रमाग पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. एक माग किती पळणार? शंभर एकदम चालले की ताग्यांचा ढीग लागतो. फरक एवढाच, की इथे प्रत्येक मागाला शेजाऱ्याशी बोलत राहावे लागते, कारण कापड एकच विणायचे असते.

हिशेब समांतर झाला, पण चित्र? एवढे आकडे एका संगणकात मावेनात. २००० मध्ये अमेरिकेत किटवेअर कंपनी आणि लॉस अलामॉस प्रयोगशाळेने 'पॅराव्ह्यू'चे काम सुरू केले. २००२ मध्ये ते लोकांपुढे आले. आकड्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक प्रोसेसरने आपल्या वाट्याचे चित्र काढायचे, शेवटी सगळे जोडायचे. चक्रीवादळ असो वा विमानाच्या पंखाभोवतीची हवा, ती पडद्यावर फिरवून पाहता येते.

इतिहासाची गंमत पाहा. ज्या देशाने यंत्र अडवले, तिथल्याच अणुबॉम्ब घडवणाऱ्या प्रयोगशाळेच्या सहभागातून हे साधन आले, आणि तेही मुक्त स्रोत. पैसे नाहीत, परवाना मागायला नको, आतला कोडही उघडा.

पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ पासून 'प्रत्यूष' महासंगणक हवामानाचे गणित करू लागला. अवकाळी पावसाने द्राक्षबाग गेलेल्या नाशिककराला त्या गणिताचे मोल कळते. असे यंत्र आपल्या शाळेत येणार नाही. पॅराव्ह्यू मात्र साध्या लॅपटॉपवरही चालते.

अडसर उरतो तो भाषेचा. त्याची मार्गदर्शिका इंग्रजीत आहे. आमची मुले मराठी-उर्दूत शिकतात. पण मुक्त स्रोताने इथेही वाट ठेवली आहे. ते आपल्या भाषेत आणायला कुणाची मनाई नाही. यंत्र मिळाले नाही तेव्हा पुण्याने यंत्र घडवले. शब्द घडवायचे काम आपल्या वाट्याचे आहे.